दिल्लीत अक्काचं नाव

नळदुर्गकडून उमरग्याकडं जाताना आमचं गाव महामार्गाच्या डाव्या हाताला लागतं आणि गावाची शेतं उजव्या हाताला. रस्ता साधा होता तेव्हा याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. माझी थोरली बहीण, माझी अक्का, मागं वळून माझ्याशी बोलत बोलतच तो ओलांडायची. मग रस्ता चौपदरी झाला, मधोमध दुभाजक आला आणि बैलगाडी वळवायला पार लांबच्या ढाब्यापर्यंत जायची पाळी आली. गाडीचं ठीक आहे, पण पायी चालणारा एवढा वळसा कशाला घालील? बायका नेसूचं खोचून दुभाजकावर चढायला शिकल्या. म्हाताऱ्यासुद्धा शिकल्या. माणूस कशालाही सरावतो, आणि रस्ते आखणाऱ्यांना तेवढंच पुरतं.

अक्का सासरहून कायमची परत आली तेव्हा मी शाळेत होते. वडील गेल्यावर शेत तिनंच ओढलं आणि मला शिकवलंही तिनंच. मी मुरूमच्या शाळेत मास्तरीण झाले, तेव्हा तिनं गावभर पेढे वाटले आणि घरी येऊन मला म्हणाली, "आता तरी केस नीट विंचरत जा. पोरं भितील." तिला टोमणे मारायची भारी हौस होती. गावात चार घरांत भांडण लागलं, तर मिटवायला तिला बोलावत, आणि ती दोन्ही बाजूंना असं बोलायची की भांडणारे एकमेकांना विसरून तिच्यावर रागवायचे.

थंडीतली सकाळ होती. धुकं होतं. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ती शेतातून गावाकडं येत होती आणि एका गाडीनं तिला उडवलं. गाडी थांबली नाही. मागून येणारा एक ट्रकवाला मात्र थांबला. त्यानं फोन केला, रुग्णवाहिका आली आणि अक्काला घेऊन गेली. ट्रकवाला परमुलखातला, त्याला तिचं नाव कुठून माहीत असणार? आई आणि मी समजत होतो की ती अजून शेतातच आहे. दुपारी रस्त्याच्या कडेला विखुरलेली वैरण आणि तिची चप्पल एका शेजाऱ्यानं ओळखली, तेव्हा आम्हाला कळलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती. सकाळीच मिळालेल्या खबरीवरून कुणीतरी लिहिली असणार. 'अनोळखी महिला ठार.' शेजाऱ्यानं ती मोठ्यानं वाचली. आई रडत होती, ती एकदम थांबली.

"अनोळखी कोन?" तिनं विचारलं.

आमच्याच बांधापासून हाकेच्या अंतरावर माझी अक्का अनोळखी झाली होती. आईच्या मनातून तो शब्द काही केल्या जाईना. मरण तिनं कसंबसं पचवलं असतं. हा शब्द तिला पचला नाही, आणि मलाही अजून पचलेला नाही.

जलदान विधीच्या दिवशी आमचे खासदार घरी आले. पुढारी दुःखाच्या घरी येतात तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं असतं, पण हा माणूस खुर्चीवर न बसता आईच्या समोर सतरंजीवर बसला. म्हणाला, "मावशी, काय मदत करू, सांगा."

"मदत नगं," आई म्हणाली. "तुमी तिथं दिल्लीत बोलता न्हवं का, समद्यांम्होरं?"

"बोलतो की."

"मग तिथं माज्या लेकीचं नाव घ्या. आन् रस्त्याखालनं आमाला वाट मागा. पर आधी नाव."

खासदार थोडे पुढं सरकले. मग म्हणाले, "हे एकट्या तुमच्या गावाचं नाही, मावशी. देशभर अशी गावं महामार्गानं चिरली आहेत. मी तुमचंही मांडतो आणि देशाचंही."

"देशाचं बी मांडा. म्या कुटं नगं म्हनते? पर आधी हिचं."

त्यांनी आईच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

पुढच्या अधिवेशनात त्यांचा विषय लागला. त्यांच्या कार्यालयातून फोन आला, तसा मी टीव्ही अंगणात आणून ठेवला. आळीतल्या बायका आल्या. आई धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं बसली. टीव्हीवर नुसता गलका चालला होता. कुणी फलक नाचवत होतं, कुणी बाकाजवळून ओरडत होतं. आमचे खासदार हातात कागद घेऊन उभे राहिलेले आम्हाला दिसले. तेवढ्यात अध्यक्षांच्या आसनावरून सांगितलं गेलं की ज्यांचे विषय आहेत त्यांनी ते पटलावर ठेवावेत, ते वाचले असं मानलं जाईल. आणि कामकाज तहकूब झालं.

"बोलले का?" आईनं विचारलं.

"पटलावर ठेवलं, आई."

"म्हंजी?"

"म्हणजे वाचलं असं धरायचं."

"पर वाचलं कुनी?"

मी मास्तरीण. पोरांच्या शंभर प्रश्नांना उत्तरं देते. या एका प्रश्नावर मी उठून टीव्ही बंद केला. बायका हळूहळू उठून गेल्या. टीव्ही मी एकटीनंच आत नेला, आणि आत गेल्यावर मला हुंदका आवरला नाही.

उन्हाळ्यात खासदार गावात एका कार्यक्रमाला आले आणि न बोलावता आमच्या घरी आले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सरळ विचारलं, "तुमी तिथं ठेवलं ते मला वाचून दावा."

त्यांनी मोबाइल काढला आणि मजकूर मराठीत सांगत गेले. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात रस्ता ओलांडताना एका महिला शेतकऱ्याचा मृत्यू झाला. देशात अशा असंख्य महिला रोज जीव मुठीत धरून महामार्ग ओलांडतात. सरकारनं अशा प्रत्येक गावासाठी भुयारी मार्ग द्यावा. मजकूर चांगला होता, खोटं का बोला. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ही महिला शेतकरी कोन?" ती म्हणाली.

खासदारांनी मोबाइल खाली ठेवला. "शब्द मोजून द्यावे लागतात, मावशी. ते कमी करताना नाव गेलं. मी ते बघायला पाहिजे होतं."

अनोळखी महिला, मग एक महिला शेतकरी, मग असंख्य महिला. माझी अक्का अशी पायरी पायरीनं दूर चालली होती. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण त्याची मान खाली गेलेली बघून तोही धड आला नाही. मग त्यांनी आमच्या अंगणात, माझ्या वडिलांच्या नावासकट, अक्काचं पूर्ण नाव घेतलं. सावकाश, स्पष्ट. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आईच्या जिवाला आता थंडावा मिळाला.

आई म्हणाली, "हितं कशापायी घेता, साहेब? हितं कुत्र्यामांजराला बी ठावं हाय तिचं नाव. तिथं घ्या."

म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. ते कुठं घेतलं जायला हवं, हे आईनं ठरवून टाकलं आहे.

त्यानंतर खासदार दोन-चारदा बोलले. सोयाबीनवर बोलले, रेल्वेवर बोलले. एकदा आमच्या रस्त्याचा विषयही निघाला. 'भुयारी मार्ग' हा शब्द आला तशी मी उठून उभी राहिले. तेवढ्यात घंटा वाजली, माइक बंद झाला आणि दुसऱ्या राज्यातले एक सभासद आपल्याकडच्या पुरावर बोलू लागले. त्यांच्याकडंही कुणीतरी वाहून गेलं असेल, त्यांना तरी काय बोल लावायचा? आमच्याकडं रस्त्यावर पांढरे पट्टे आले आणि 'सावकाश जा' असा फलक लागला. बायका अजून दुभाजकावरूनच जातात.

आईला आता नीट ऐकू येत नाही. अधिवेशन चालू असलं आणि मला सुट्टी असली, की ती मला मोबाइल घेऊन जवळ बसवते. "तू ऐक. नाव आलं की मला सांग," म्हणते आणि भिंतीला टेकून डोळे मिटते. हिंदी चालतं, इंग्रजी चालतं, मला न कळणाऱ्या भाषा चालतात. गहू, सीमा, नोकऱ्या, धरणं. सगळं गरजेचंच असतं. मी मात्र एकाच नावासाठी कान लावून बसलेली असते.

'आलं' असं मी तिला कुठल्याही दिवशी सांगू शकते. ती विश्वास ठेवील, निवांत होईल. पण मग अक्काची वाट बघणारं या जगात कोण उरेल?

ती मधेच जागी होते. "आलं का गं?"

"न्हाय, आई."

"मग चालू ऱ्हाऊ दे."