डीच्या बटणाखाली गेलेली साडी

वडगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माग चालतो आणि मागच्या खोलीत मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एवढ्या खटखटीत एडिटिंग कसं जमतं, असं लोक विचारतात. कानाला हेडफोन आणि हाताला सवय, एवढ्यावर जमतं. त्या सवयीनंच मला गोत्यात आणलं, आणि त्याचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं.

आठ वर्षं मी एकाच प्रोग्रामवर काम केलं. त्यात डी दाबलं की पडद्यावरच्या उभ्या रेषेखालची क्लिप निवडली जायची. पुढं नवा कॅमेरा आला, त्याच्या फाईली जुन्या प्रोग्रामला पचेनात, म्हणून नवा प्रोग्राम घेतला. ह्यात डी दाबलं की क्लिप बंद होते. पुसली जात नाही, करडी पडून तिथंच राहते, पण व्हिडिओत दिसत नाही. पुन्हा डी दाबलं की उजळते. नव्या प्रोग्रामला जुन्याचीच बटणं लावून घ्यायची सोय होती. मी लावली नाही. शिकायचं तर मुळापासून शिकायचं, अशी मिजास! की-बोर्डवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले, त्यांवर पेनानं नवी कामं लिहिली, आणि चार दिवसांत आपल्याला सगळं येतं असं ठरवूनही टाकलं.

त्याच आठवड्यात एका विणकराच्या मुलीच्या लग्नाचं काम हातात होतं. मुलगी निपाणीला दिली होती. वडिलांनी तिच्यासाठी स्वतःच्या हातमागावर साडी विणली होती. पाठवणीच्या आधी त्यांनी ती तिच्या खांद्यावर टाकली, आणि जन्माची खोड ती, लगेच पदराची उलटी बाजू वर करून कुठं धागा सुटलाय का ते बघितलं. रडता रडता मुलीला हसू फुटलं. हे जवळून टिपलं होतं अण्णांनी. अण्णा म्हणजे आमच्या गल्लीतले, मला कॅमेरा धरायला शिकवणारे, साठी ओलांडलेले. दुसरा कॅमेरा कोपऱ्यात तिपाईवर लावून ठेवला होता, तो सबंध मांडव घेत होता. एडिटिंगला अण्णांची क्लिप वर ठेवली आणि मांडवाची खाली.

मी डी दाबलं, निवडायला म्हणून. अण्णांची क्लिप बंद पडली आणि खालचा मांडव दिसायला लागला. पाठमोरे पाहुणे, पंखा, खुर्च्या गोळा करणारी माणसं. पडदा काळा झाला असता तर कळलं असतं. शेवटी एकदा सगळा व्हिडिओ नीट बघायचा असतो, तो मी पळवत बघितला. पेन ड्राइव्ह दिला आणि महिन्याभरानं नेहमीप्रमाणे मूळ फाईली पुसून डिस्क मोकळी केली.

सहा महिन्यांनी मुलीचे वडील वारले. दिवस झाल्यावर तिचा फोन आला.

"दादा, आप्पा साडी अंगावर टाकत्यात ते कुठं दिसंना की ओ. तुमच्याकडं असंल न्हवं?"

बघून सांगतो म्हणून मी प्रोजेक्ट उघडला. क्लिप होती. करडी. डी दाबलं, तशी ती उजळली आणि तिच्यावर लाल पाटी आली: फाईल सापडत नाही.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तिला फोन लावला आणि म्हणालो, "अण्णांचं वय झालंय गं. त्यांच्या हातनं तेवढं घ्यायचं राहिलंय."

"व्हय का," एवढंच ती म्हणाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बोललेलं गल्लीत यायला वेळ लागत नाही. अण्णा आले. ते भांडतील म्हणून मी तयारीत होतो. ते म्हणाले, "माझ्या ध्यानात तर मी घेतलतं. पर बटण दाबायचं राहिलं असंल. आता हाताचं काय खरं न्हाय." कॅमेऱ्याची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून ते उठले. मी त्यांना 'तसं न्हाय अण्णा' एवढंही म्हणालो नाही. चहा घेऊन जा म्हणालो. माझ्याइतका नालायक मीच.

त्यानंतर त्यांनी एकही लग्न घेतलं नाही. कुणी विचारलं तर हात पुढं करून दाखवायचे.

गेल्या महिन्यात एका दुपारी ते येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. "घरात जीव रमंना. बसून करायचं हे तरी शिकव," म्हणाले. चष्मा वर करून चिकटपट्टीचे तुकडे एकेक वाचायला लागले. डीवरचा तुकडा मी कधीच काढून टाकला होता.

"ह्याच्यावर का काय लिवलं न्हाईस? ही डी काय करती रं?"

"क्लिप बंद करती."

"म्हंजे पुसती?"

"न्हाय. असती, पर दिसत न्हाय."

आणि मग मला थांबता आलं नाही. साडी, मांडव, पुसलेल्या फाईली, फोनवर तिला काय बोललो ते, सगळं सांगून टाकलं. त्यांच्याकडं बघायची हिंमत नव्हती, की-बोर्डकडं बघत बोललो.

डीवर बोट ठेवून ते म्हणाले, "म्हंजे मी घेतलतं."

"व्हय, अण्णा."

"पदर उलटा करून बघितलं त्यानं, ते पण?"

"ते पण. लई चांगलं घेतलतं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. हात थरथरत नव्हते. ते कधीच थरथरत नव्हते. माझ्या मनात आलं, चला, सुटलो.

"गाडी काढ," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

"निपाणीला. मी चुकलो म्हणून तिला सांगितलास न्हवं? आता माझ्यादेखत खरं सांग. बापाचं तेवढं तर गेलंच तिचं. कुणी घालवलं ते तरी कळू दे."

ते चपला घालून दारात उभे राहिले. मी टेबलावर चावी शोधत होतो. चावी माझ्या खिशातच होती.