टोपण तुमच्याकडे राहू दे

भिवंडीत लाईट गेली की अख्खं गाव शिव्या घालतं. कापड विणणारे लूम थांबतात, मालक मोबाइल काढून कुणाकुणाच्या नावाने बोंब मारतात, कामगार बनियनने घाम पुसत गल्लीत येऊन बसतात. निजामपुऱ्यात एकच माणूस असा होता, की लाईट गेल्याबरोबर ज्याचा चेहरा खुलायचा. जिन्याखालच्या हातभर दुकानात तो दाराच्या उजेडाकडे सरकायचा, निब कागदावर टेकवायचा आणि कान पार खाली न्यायचा. लूमच्या खडखडाटात त्याला निब ऐकू यायची नाही. लोक त्यांना निबवाले चाचा म्हणायचे.

"चांगली निब गप्प असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरखरली तर समजायचं, भांडतेय. कागदाशी नाहीतर हाताशी. हातात आलेल्या पेनाची निब घासून सारखी केली, तरी तिचा आवाज ऐकल्याशिवाय ते पेन परत देत नसत. कुणी घाई केली तर म्हणत, लाईट जाऊ दे. पूर्वी शुक्रवारी लूम बंद असायचे, तेव्हा त्यांचं काम शुक्रवारीच उरकायचं. आता सीझन असला की शुक्रवारही कुणी पाळत नाही, त्यामुळे ते लाईटवर अवलंबून राहिले.

चाचा कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्यांचे भिवंडीकर. भाऊ, पुतणे सगळे लूममध्ये, हे एकटेच पेनं घेऊन बसले. एके काळी गावातले कितीतरी मास्तर आणि कोर्टाबाहेरचे अर्ज लिहिणारे त्यांच्याकडे यायचे. पुढे बॉलपेन आलं, मग मोबाइल आला, आणि महिन्याला चार-पाच पेनं आली तरी पुष्कळ झालं. तरी हे रोज दहाला दुकान उघडून काच पुसून बसायचे. काळ्या दोऱ्याने गळ्यात बांधलेलं भिंग, नखांत कायमची निळी शाई. 'होऊन जाईल' हा आमच्या गावाचा लाडका शब्द, पण तो मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही. ते फक्त 'बघतो' म्हणायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती वैतागून आणि मनात संशय घेऊन. मी गणिताची शिक्षिका. कुणावर पटकन विश्वास ठेवायचा स्वभाव नाही, आणि त्या वर्षी तर उरलासुरलाही संपला होता. माझे वडील, अण्णा, जन्मभर शाळेत मराठी शिकवत होते. गावातल्या कितीतरी पोरांच्या दाखल्यांवर त्यांचं अक्षर आहे. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेल्यातच जमा. शब्दाचं पहिलं अक्षर बाहेर यायचं, बाकीचा शब्द तोंडातच राहायचा. दिवसभर डावा हात हवेत फिरवत 'लि... लि...' करायचे. लिहायचंय, एवढं मला कळलं. कुणाला, असं विचारलं की डोळे मिटून घ्यायचे.

कुणाला ते मीच ठरवून टाकलं. अविनाशला, दुसरं कुणाला असणार? माझा भाऊ परदेशात, घरातून भांडून गेलेला, दिवाळीला फोन करणारा. जी मुलगी तो गेल्यापासून अकरा वर्षं त्याच घरात आहे आणि आता पेज भरवते, तिला कोण पत्र लिहितंय? खोटं कशाला सांगू, मला ते लागलं होतं. पण माणूस तळमळत होता, ते बघवत नव्हतं.

बॉलपेन दिलं, तर ते दाबावं लागतं आणि त्या हातात जोर नव्हता. पाटी दिली, ती त्यांनी ढकलून दिली. मग त्यांनी स्वतःच कपाटाकडे बोट केलं. तिथे त्यांचं जुनं शाईपेन होतं, एबोनाइट नावाच्या काळ्या कडक रबराचं, सोन्याच्या निबचं, ड्रॉपरने शाई भरायचं. शाई भरून डाव्या हातात दिलं, तर निब कागदात रुतली आणि कागद फाटला. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते संध्याकाळपर्यंत फिरवलेलंच ठेवलं.

मी पेन घेऊन दुकानं पालथी घातली. शहरातल्या एका चकचकीत दुकानात म्हणाले, निब बदलून टाकतो, जुनी ठेवून जा. त्यांची नजर सोन्यावर होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दुसऱ्या एकाची परीक्षा बघावी म्हणून माझं स्वतःचं पेन आधी दिलं, तर त्याने ते गरम पाण्यात बुडवून केळ्यासारखं वाकडं करून दिलं. शेवटी शाळेतल्या उर्दूच्या बाईंनी चाचांचं नाव सांगितलं. मी पेन मुठीत घट्ट धरूनच त्यांच्या दुकानात शिरले.

चाचांनी पेन मागितलं नाही. समोरचा ट्रे दाखवला. त्यात सात-आठ पेनं होती आणि एकालाही टोपण नव्हतं. त्यांची पद्धतच ती होती. पेन घेतलं की टोपण काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. पावती नाही, वही नाही. टोपण नसलेलं पेन कुणाला विकता येत नाही आणि पेन नसलेलं टोपण कुणाच्या कामाचं नाही. "टोपण तुमच्याकडे राहू दे," ते म्हणाले, "म्हणजे पेन माझ्याकडे हाय, पण माझं न्हाय." एवढ्या वणवणीत पहिल्यांदाच मला जरा हायसं वाटलं.

पण लगेच काम करतील तर ते चाचा कसले? ज्याला लिहायचंय त्याने माझ्यासमोर लिहिलं पाहिजे, म्हणाले. मी म्हटलं, माणूस अंथरुणात आहे, नारपोलीला, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. मग घरी लिहून आणा, म्हणाले. आणि सही आणू नका. सही माणूस झोपेतही करतो, तिच्यात हात कळत नाही. ज्याच्यासाठी लिहायचंय त्याचं नाव लिहायला सांगा, त्यात हात खरा चालतो.

अण्णा माझ्यासमोर कागदाला हात लावीनात. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं सुधारणारा माणूस. पोरीसमोर वाकडंतिकडं कसं लिहील? मी एक शक्कल लढवली. स्टाफरूममध्ये बसून डाव्या हाताने स्वतःच अविनाशचं नाव लिहिलं आणि कागद चाचांना नेऊन दिला. त्यांनी तो उलटा धरला. कागद ते नेहमी उलटाच धरत, म्हणजे अक्षर वाचलं जात नाही, नुसती रेघ दिसते. लोकांचं लिहिलेलं आपण वाचायचं नसतं, असा त्यांचा नेम. भिंगातून बघून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"हा हात तंदुरुस्त हाय, बाई. खोटं लिवतोय."

एवढंच बोलले. वर्गात कॉपी करताना पकडलेल्या मुलांचे चेहरे मी पुष्कळ पाहिलेत; त्या दिवशी माझाही तसाच झाला असणार. त्यांनी पत्ता विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सत्तरी ओलांडलेला तो माणूस, गुडघे धरत, प्रत्येक मजल्यावर टेकत, आमच्या दारात येऊन उभा राहिला. अण्णांना सलाम केला आणि मला म्हणाले, बाई, चहा टाका, सावकाश टाका. मी ओट्याशी उभी राहिले, चहा तीनदा उकळला. खोलीतून एक शब्द ऐकू आला नाही. मी बाहेर आले तर कागदाची घडी चाचांच्या खिशात गेली होती आणि अण्णा घामाघूम होऊन हसत होते. आजारपणानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

जिन्यात चाचांनी मला समजावलं. अण्णा उजव्या हाताने मराठी लिहायचे, म्हणजे निब ओढली जायची, ती तशीच झिजलीय. उर्दूवालाही उजव्या हातानेच लिहितो, पण उजवीकडून डावीकडे, म्हणजे निब ढकलली जाते. आणि डाव्या हाताने मराठी लिहिलं तरी ती ढकललीच जाणार. "ढकलायच्या निबा मी जिंदगीभर केल्यात," ते म्हणाले. "ही फक्त आरशात बघितल्यासारखी करायची." मग म्हणाले, एकदा घासली की मास्तरांचा उजवा हात या निबमधून जाईल, परत येणार नाही; चालेल? मी हो म्हटलं. टोपण माझ्या हातात ठेवून ते उतरले.

दोन दिवसांनी विचारायला गेले. निब घासून झाली होती, फक्त ऐकायची राहिली होती. लाईट जाऊ दे, म्हणाले.

आणि लाईट जाईना. सीझनचे दिवस, तीन-तीन शिफ्ट, शुक्रवारीसुद्धा लूम थांबले नाहीत. एरवी दिवसातून दोनदा जाणारी वीज त्या वेळी हट्टाला पेटल्यागत चालू राहिली. मी रोज शाळा सुटल्यावर चक्कर मारायची. एकदा चिडून म्हटलं, वरचे लूम तुमच्या पुतण्याचेच आहेत, पाच मिनिटं बंद करायला सांगा. त्यांनी मान हलवली. एक कारखाना बंद करून काही ऐकू येत नाही, सगळी गल्ली थांबवावी लागेल, आणि कामगारांची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर असते; माझ्या कानासाठी त्यांचा कपडा का थांबवू? मग तसंच द्या, म्हटलं. तर म्हणाले, अर्धवट निब त्या हातात रुतली, तर मास्तर पुन्हा पेन धरणार न्हाईत.

पेन दिल्याच्या नवव्या दिवशी पहाटे अण्णांना दुसरा झटका आला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी दार वाजलं. चाचा. धापा टाकत होते, घामाने डोळे भरले होते, आणि चेहरा लाईट गेल्यावर व्हायचा तसा खुललेला. सकाळी लाईट गेली होती. त्यांनी पेन पुढे केलं, आणि मग अण्णांच्या खाटेच्या जागी गव्हाच्या पिठावर ठेवलेला दिवा त्यांना दिसला. ते दारातच भिंतीला धरून खाली बसले.

मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "तुमच्या कानापायी माझ्या बापाचं सांगायचं राहून गेलं. ते पेन घेऊन जा, मला दिसायला नको." म्हाताऱ्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही.  त्यांनी पेन रुमालात गुंडाळलं, उठले, आणि खाली बघूनच म्हणाले, "टोपण तुमच्याकडे राहू दे. राग सरेल तेव्हा या."

मी गेले नाही. निजामपुऱ्यात काम असलं तर दुसऱ्या गल्लीने जायची. राग तर केव्हाच सरला होता. मग लाज वाटायला लागली, आणि लाजेने पाय आणखी जड होतात. टोपण कपाटात पडून होतं. फेकलंही नाही आणि हातातही घेतलं नाही. असं दीड वर्ष गेलं.

यंदा चाचांच्या सुनेचा फोन आला. चाचा गेले होते, महिना होऊन गेला होता. जाण्याआधी त्यांनी तिला बजावलं होतं, की ट्रेमधल्या प्रत्येक पेनाचा माणूस शोध, टोपण बसलं तरच दे. मी टोपण घेऊन गेले. जिन्याखाली ती ट्रे पुढ्यात घेऊन बसली होती. माझ्याआधी एक म्हातारे वकील येऊन गेले होते, त्यांचं पेन दिलं होतं. तिने माझं टोपण एका काळ्या पेनावर फिरवलं. ते बसलं.

पेनाभोवती दोऱ्याने एक कागद बांधलेला होता. प्रत्येक पेनाला तसा होता. ज्या हातासाठी निब घासायची त्या हाताचा नमुना पेन परत जाईपर्यंत पेनाबरोबर ठेवायचा, ही चाचांची रीत होती. सून म्हणाली, अब्बांनी हे कागद आम्हालाही कधी वाचू दिले नाहीत.

मी तिथेच दोरा सोडला. अण्णांच्या डाव्या हाताचं अक्षर होतं. पहिली ओळ नुसती ओरखड्यांची, कागद दोन ठिकाणी फाटलेला. दुसऱ्या ओळीत एक 'क' कळत होता. तिसरीत त्याचा उकार. खाली खाली अक्षर सावरत गेलं होतं, आणि शेवटच्या ओळीत थरथरतं पण शिरोरेघेसकट लिहिलं होतं: कुमुद.

कुमुद मी. अविनाशचं नाव त्या कागदावर कुठेही नव्हतं.

अण्णांना मला काय सांगायचं होतं ते आता कधीच कळणार नाही. चाचांनी तो कागद वाचला असता, तर त्या दुपारी दारात नुसतं नाव घेऊन त्यांना माझं तोंड बंद करता आलं असतं. पण त्यांनी तो उलटाच धरला होता, शेवटपर्यंत. ज्या माणसाच्या एका नेमामुळे उशीर झाला, त्याच्याच दुसऱ्या नेमामुळे माझं नाव माझ्यापर्यंत पोचलं. मी त्यांच्या सुनेसमोर रडले आणि त्यांना जे बोलले होते ते तिला सांगितलं. ती म्हणाली, अब्बा म्हणायचे, बाई येतील.

घरी आणून पेनात शाई भरली आणि लाईट जायची वाट बघत बसले. चौथ्या दिवशी दुपारी गेली. नारपोलीचे लूम एकेक करत थांबले. मी पेन डाव्या हातात घेतलं, कागदावर 'चाचा' असं लिहिलं आणि कान खाली नेला. निब गप्प होती.