जिलबीची खाज

आता घोडीचं नाव कुणी जिलबी ठेवतं का? पण निमोण्याच्या महबूब शेखनं ठेवलंय. त्यानं म्हणजे त्याच्या अल्फियानं. शिंगरू जन्मलं ते चारी पाय अंगाखाली गुंडाळून असं काही बसलं की पोरगी टाळ्या पिटत ओरडली, "अब्बा, जिलबी!" गावानं महिनाभर महबूबची टर उडवली. पुढं हीच जिलबी घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पळायला लागली, तेव्हा त्याच लोकांची बोलती बंद झाली.

आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते. तिच्या मागं बैल जीव तोडून धावतात. घोडी नरमली की बारी, म्हणजे त्या गाड्याची धाव, गेलीच म्हणून समजा. गावातल्या सावळारामच्या बैलांपुढं शेखांची घोडी, हे दोघांच्या आजोबांपासून चालत आलेलं. मधी कैक वर्षं शर्यती बंद होत्या, तरी महबूबच्या दारची घोडी हलली नाही. दिवसभर वेल्डिंगचं दुकान आणि सकाळ-संध्याकाळ घोडी. त्याची बायको मुमताज म्हणायची, "हिच्याशीच निकाह लावायचा होता, मला कशाला आणली?"

त्या जिलबीला यंदाच्या थंडीत खाज सुटली. साधीसुधी नव्हे. गोठ्याच्या खांबाला ती मान घासायची, पाठ घासायची, वळून शेपटी घासायची. आयाळ अर्धी झडली, शेपटीचं बूड उघडं पडलं आणि खांब गुळगुळीत झाला. महबूबनं सगळं गाव करतं तेच केलं. गॅरेजातलं जळकं ऑइल आणून चोळलं. चार दिवसांत कातडं सोलून निघालं. मग बसला कपाळाला हात लावून! पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

यात्रेला बावीस दिवस राहिले तेव्हा सावळाराम दारात आला. तो यात्रा कमिटीचा अध्यक्ष. खाटेवर बसला, पण चहाला हात लावीना.

"लोक खरूज म्हणत्यात," तो म्हणाला. "लागट असंल तर दुसऱ्यांची जनावरं कशी आणायची घाटात? बरी झाली तर झाली. न्हाईतर यंदा बाहेरची घोडी सांगावी लागंल, महबूब."

महबूबच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही, आणि लपवायचं तरी कुणापासून? दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. सावळारामही मान खाली घालूनच उठला.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर तेजश्री स्कूटीवरून आल्या. कातडीचा थोडा चुरा खरवडून काचेवर घेतला, घेऊन गेल्या आणि सकाळी पुन्हा दारात हजर.

"मामा, खरूज नाही. एकही किडा सापडला नाही."

"मग खाजवती कशानं?"

बाईंनी घोडीला गोल चक्कर मारली. पोट साफ, छाती साफ, पाय साफ. त्रास होता तो मानेवर, पाठीवर आणि शेपटीच्या बुडाला. "हिच्या अंगावर वरून काय पडतं हो?" असं म्हणत त्यांनी ओला कापूस केसांच्या मुळाशी फिरवला. कापूस पिवळाधमक निघाला.

"भंडारा हाय," महबूब म्हणाला.

"कधीचा?"

"मागल्या बारीचा. त्याच्याखाली त्याच्या आधीचा."

"आणि धूत नाही तुम्ही?"

बारी जिंकली की लोक खंडोबाच्या नावानं बैलांवर, घोडीवर भंडारा उधळतात. बाकीचे संध्याकाळी आपापली बैलं धुऊन काढतात. पण महबूबच्या वडिलांनी त्याला लहानपणी सांगितलं होतं, "देवाचा हाय. आपल्या हातानं पुसायचा न्हाई, आपसूक झडंल." तेव्हा भंडारा म्हणजे घरच्या हळदीची चिमूट, तीही कपाळाला. आता पोतीच्या पोती रिकामी होतात, आणि बाजारातल्या त्या पुडीत हळद किती न् रंग किती, देव जाणे. महबूब मात्र वडिलांचा शब्द धरून बसलेला. घोडीला खरारा करायचा तोही पोटाला आणि पायांना. पिवळं पुसणं नाही; जळकं ऑइल चोळलं तेही त्याच्यावरूनच.

"गार पाण्यानं धुवा," बाईंनी बाटली हातात दिली. "हा शाम्पू दहा मिनिटं ठेवायचा, मग स्वच्छ काढायचा. जखमांना हे मलम. ऑइल बंद म्हणजे बंद! आणि इथून पुढं बारी झाली की त्याच दिवशी अंघोळ. नाहीतर पुन्हा हेच."

बाटली दोन दिवस फळीवर तशीच. महबूबला भीती वाटत होती, उगीच कशाला खोटं बोला. शेखानं देवाचा भंडारा गटारात सोडला, असं एकानं म्हणायचा अवकाश, मोबाइलवरून तालुकाभर झालं असतं. तिकडं जिलबीनं मान घासून घासून रक्त काढलं. शेवटी मुमताजच भडकली. "इतकी भीती वाटती तर विचारून या की कुणाला तरी! ते मुकं जनावर कुणाला विचारणार?"

तो सावळारामच्या आईकडं गेला. सरूबाई ऐंशीच्या पुढची, गावातली खंडोबाची जुनी भक्तीण. आयतवार होता. म्हातारी अंगणात बसून चिंचेनं देवाचे टाक घासत होती. महबूबनं अडखळत सगळं सांगितलं.

"मावशी, धुतला तर देव कोपंल का?"

सरूबाईनं हातातला टाक त्याच्यापुढं धरला. "ह्यो कोण?"

"खंडोबा."

"कशावर बसलाय?"

"घोड्यावर."

"मग? साठ वर्सं झाली, दर आयतवारी ह्याला धुतीया. संगं त्याचा घोडा बी धुतीया. कवा कोपला न्हाई मला! आन् तू मुक्या जनावराला खाजवत ठेवलंस व्हय रं, मुडद्या? चल, ऊठ!"

काठी टेकत म्हातारी शेखांच्या दारात आली आणि पहिला तांब्या तिनंच ओतला. पिवळं पाणी वाटेपर्यंत वाहत गेलं. महबूब बोटांनी केसांची मुळं चोळत होता. जिलबी आधी थरारली, मग मान पुढं काढून, खालचा ओठ सैल सोडून अशी उभी राहिली की मुमताजला हसू आवरेना. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा खांबाशिवाय स्वस्थ उभी होती.

आयाळ काही तेवढ्या दिवसांत उगवली नाही. पण जखमा सुकल्या, खाज थांबली, आणि लागट काही नाही अशी चिठ्ठी डॉक्टरीणबाईंनी कमिटीला दिली. यात्रेला महबूब जिलबीवर बसला, मागं सावळारामचे बैल, आणि बारी अशी भिर्रर्र झाली की धूळ बसायच्या आत निशाण पडलं.

लोक भंडारा घेऊन धावले. सावळारामनं दोन्ही हात आडवे धरले, घरची हळद चिमटीत घेऊन जिलबीच्या कपाळाला लावली आणि म्हणाला, "बास." तेवढ्यात लाउडस्पीकरचा कर्णा बोंबलला, "महबूबभाई, टँकर आलाय, घोडी धुवायला आणा!"

महबूबनं घाबरून चहूकडं पाहिलं. सगळ्या घाटानं ऐकलं होतं, पण एकही मान वळली नव्हती. लोक पुढची बारी बघत होते.

टँकरपाशी सरूबाई तांब्या घेऊन बसलीच होती.

"किती रं उशीर?" ती म्हणाली. "आण तिला हिकडं."