चार अंशांपाशी

शालनताईंचा दुपारचा डोळा लागतो तो कॅल्क्युलेटर उशाशी घेऊनच. लोक उशाशी पोथी ठेवतात, नातवंडांचा फोटो ठेवतात. ह्यांचं आपलं हे! कोपरे झिजलेला, यजमानांचा, दिनकररावांचा. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे ते. दोन वर्षांपूर्वी गेले, आणि आदल्या संध्याकाळी ह्याच यंत्रात पाण्याची रीडिंगं भरून ठेवून गेले.

प्रयोग त्यांचा ठरलेला. बर्फगार पाण्याने भरलेला काचेचा चंबू, बुचातून वर काढलेली बारीक नळी. तापमान वाढेल तसतसं नळीतलं पाणी कुठे पोचतं ते टिपायचं आणि आकडे कॅल्क्युलेटरमध्ये भरायचे. आधी मुलांना त्या आकड्यांवर मुद्दाम सरळ रेघ बसवायला लावायची. ती साफ चुकली की कॅल्क्युलेटरचा मोड, म्हणजे रेघेचा प्रकार, बदलून वक्र बसवायचा. पण मोड बदलला की भरलेले आकडे पुसले जातात, सगळे पुन्हा भरावे लागतात. मुलं वैतागायची, मास्तर मिशीत हसायचे. शेवटच्या वेळी सरळ रेघ झाली आणि वक्र राहूनच गेला.

तेव्हापासून शालनताईंनी मोडला हात लावलेला नाही. आकडे काय, कागदावरही उतरवता येतात. पण हे त्यांच्या बोटांनी दाबलेले आहेत. आता पडद्यावरचे अंक फिके पडलेत. "आई, सेल संपत आलाय. संपला की सगळं जाणार," असं लेक फोनवर म्हणाली, तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो. स्वयंपाकघरात कुणीतरी ठोकाठोक करतंय. शालनताई जाऊन बघतात, तर ओट्याशी दिनकरराव. लाटण्याने बर्फ फोडताहेत.

"अहो, लाटणं मोडेल ना!"

"मोडलं तर दुसरं आणू. तू चहा टाक. आलं जरा जास्त."

त्या शेगडीकडे वळतात, तर तिथे प्रयोगशाळेचं लांब टेबल. नळाखाली कृष्णा वाहतेय आणि घाटाच्या पायऱ्यांवर मुलांची बाकं मांडलीत. ह्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नाही. दिनकरराव पायरीवर बसून चंबू नदीत धरतात. नळीतलं पाणी हळूहळू खाली येतं.

"बघ, गारवा कमी होतोय तरी पाणी आक्रसतंय. चार अंशांपर्यंत असंच. मग वळणार आणि फुगायला लागणार. सरळ रेघेत ते वळण मावत नाही, शालन."

"लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय."

"मग मोड का बदलत नाहीस?"

"तुम्ही भरलेत ते आकडे. तेही पुसले तर माझ्याकडे तुमचं काय उरलं?"

ते चंबू आपल्या सदऱ्यालाच पुसतात. ह्या सवयीवरून त्यांनी किती बोलणी खाल्लीत!

"आकडे माझे कुठले? पाण्याचे आहेत ते. पाणी कुठेही गेलेलं नाही. पुन्हा विचारलंस की पुन्हा तेच सांगेल."

"आणि तुम्हाला विचारायचं असलं तर?"

ते नुसता हात हातात घेतात. त्यांची बोटं गार आहेत, बर्फात काम केल्यासारखी.

"चल, दाब. आणि तू नेहमी शून्यापासून सुरुवात करतेस, तसं नको. आधी चार भर. वळण कुठंय ते आधी, मग बाकीचं."

"सगळं उलटंच तुमचं!" त्या म्हणतात, आणि त्यांना चक्क हसू येतं. हसता हसता बाकं दिसेनाशी होतात, नदी सरकते, पायरीवर फक्त ओला गोल राहतो चंबूचा.

"अहो, चहा राहिला तुमचा!"

स्वतःच्याच आवाजाने त्यांना जाग येते. उन्हं भिंतीवर आली आहेत. कॅल्क्युलेटर मुठीत आहे, तळहातावर बटणांचे वळ उठलेत. पडद्याकडे बघतात. मोड बदललेला आहे. दिनकररावांचे आकडे गेले. त्या खालच्या बाणाचं बटण दाबतात. एकच नोंद आहे. तापमान, चार. पुढचा, पाण्याच्या उंचीचा रकाना भरायचा राहिलाय.

झोपेत आपणच दाबलं असणार, दुसरं कोण दाबणार? त्या पदर तोंडाला लावून मनसोक्त रडतात. मग उठतात, चंबू माळ्यावरून खाली काढतात, फ्रीजमधला बर्फ ओट्यावर ठेवतात आणि लाटणं हातात घेतात.