साहेबांचा फुल लाइट

डोळ्यांच्या खात्यात किस्से कोणी जमवत बसत नाही. साहेब बरे लाभले की ते आपोआप साचतात, आणि आमचे साहेब तर उत्तमच होते! परळच्या एका इस्पितळात मी हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होतो. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे तेव्हा जोरात होते. साहेब ऑनररी, म्हणजे मानद सर्जन, गिरगावातलं बडं प्रस्थ. आठवड्यातून दोनदा येत, बाकीचे दिवस आम्ही निस्तरत बसायचो.

*

स्लिट लॅम्प जर्मनीहून आला. डोळ्यावर प्रकाशाची फट टाकायची आणि दुर्बिणीतून बघायचं, असं ते यंत्र. त्याला अंधारी खोली लागते. साहेबांनी ते खिडकीशी ठेवलं, पडदे उघडून!

"अरे, अंधारात ठेवलं तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार कसं?"

*

फट बारीक करून प्रकाश तिरका टाकला, की कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, पावाच्या चकतीसारखी जाडीसकट दिसते. ओरखडा किती खोल, ते लगेच कळतं. साहेब फट सताड उघडून समोरून फुल लाइट मारत. पेशंट बिचारा डोळे मिटून रडायला लागे.

"साहेब, थोडी बारीक करू?"

"कंजूषपणा घरी कर!"

*

साहेबांना चांगला जाड नंबर होता, पण चष्मा खिशातून बाहेर येत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा लावला तर पेशंटचा विश्वास उडतो म्हणे! मी म्हटलं, "साहेब, दुर्बिणीची भिंगं फिरवून तुमच्या नंबराला लावून देतो."

"कसला नंबर? मला नंबर नाही!" असं म्हणून साहेब खुंटीवरच्या माझ्या कोटाला 'गुड मॉर्निंग' करून बाहेर पडले.

*

लालबागचा परब गिरणीत मागावर होता. मागावर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचं पोलादी टोक तुटून डाव्या डोळ्यात उडालं, म्हणत आला. साहेबांनी फुल लाइट मारला.

"स्वच्छ! मोर्चात अश्रुधूर खाल्ला असशील."

"साहेबानू, मी कामार होतंय!"

साहेबांनी केसपेपरवर लिहिलं, 'ढोंग'. माझं टाळकं सणकलं. तुकडा तसाच राहिला असता तर डोळा गेला असता, आणि एका डोळ्याच्या माणसाला मागावर कोण उभं करतं?

साहेब चहाला गेले. आमच्या फिलोमिना सिस्टर, खोताच्या वाडीतल्या, त्यांनी पडदे ओढले. मी बारीक फट कॉर्नियाच्या कडेवर टाकली. असा प्रकाश काचेच्या आतल्या आत पसरतो. निरोगी भाग काळा राहतो, खोट असेल तिथेच चमकतो. चमकला! कणभर तुकडा, खोल रुतलेला. तो मी त्याच दुपारी काढला, डोळा वाचला. पण ऑपरेशनला साहेबांची सही लागायची. ती कशी मिळाली, ते ऐका.

साहेबांना बोलावलं. प्रकाश तसाच ठेवला होता. साहेबांनी बिनचष्म्याने पाच मिनिटं बघितलं.

"काहीच नाही!"

सिस्टरनी डोकावलं. "अगो बाय, केवढा तो!"

साहेबांनी परत बघितलं. "कुठाय?"

परबाने यंत्राच्या टेकूवरून हनुवटी उचलली, उठला आणि आपलं स्टूल खांद्यावरच्या पंच्याने स्वच्छ पुसलं.

"बसा साहेबानू. आता तुमचो डोळो डॉक्टरांका दाखवा!"

साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली.