बाईंची राहिलेली फेरी

नव्या कोऱ्या कोब्याला भोकं पाडली ती मी. म्हणजे पहार माझ्या हातात नव्हती, पण हुकूम माझा होता. आणि भोकं कशासाठी, तर कोबा पुरा झाल्याच्या आनंदात जो समारंभ करायचा होता, त्याच्या मांडवासाठी.

गावात ही गोष्ट आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाहुण्यांशी माझी ओळख करून देतात तीही ‘हे आमचे खांबवाले’ अशीच. तेव्हा झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. मला सांगायचंय ते बाईंबद्दल.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या कवायतीच्या बाई. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असणारच. घट्ट अंबाडा, पाचवारी साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. निवृत्त झाल्यावर बाईंनी बूट सोडले, शिट्टी सोडली नाही. बाजारात एखादी रिक्षा उलट्या बाजूनं घुसली की शिट्टी वाजायची. रिक्षावाला बहुतेक त्यांचाच विद्यार्थी निघायचा आणि मुकाट रिक्षा मागे घ्यायचा. विद्यार्थी नसला तरी आधी मागे घ्यायचा आणि मग शेजारच्याला विचारायचा, “ही बाय कोन?”

त्यांच्या पर्समध्ये एक काचेची गोटी असायची. शाळेत पोरांच्या खिशातून जप्त केलेल्यांपैकी एक. ती निळी गोटी माझी होती असा माझा अजून संशय आहे, पण पन्नाशी ओलांडल्यावरही विचारायची छाती झाली नाही. कुठलीही जमीन दिसली की बाई वाकून तिच्यावर गोटी ठेवायच्या. गोटी घरंगळली की म्हणायच्या, “उतार आहे.” लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, एकदा तर नव्या पंचायतीच्या इमारतीत, सरपंचांसमोर. गोटी थेट सरपंचांच्या खुर्चीखाली गेली. “उतार आहे,” बाई म्हणाल्या, आणि सरपंचांनीच ओणवं होऊन ती काढून दिली.

या सवयीचं मूळ आमच्या तळ्याकाठी आहे. तिथं एक मोठं गोल अंगण आहे. मिठागरांच्या एका शेठनं इंग्रजांच्या काळात ते बांधलं. मुंबईत साहेब लोक पायाला चाकं लावून फिरतात हे त्यानं पाहिलं, आणि आपल्याही गावात हे हवंच असं त्याच्या मनानं घेतलं. भोवती दगडी बाकं, मधे घोटून आरसा केलेला कोबा, एका अंगाला तळं. शेठ गेला, त्याची माणसं मुंबईला गेली, आणि गावानं ती जागा आपल्या सोयीनं वापरायला घेतली. भात झोडलं, पापड घातले, सुकट वाळवली. नावसुद्धा पडलं शेठचं खळं. कोकणात गोल आणि सपाट असं काही दिसलं की ते खळंच, त्यावर साहेब फिरला असो वा बैल.

बाईंचे वडील शेठच्या मिठागरावर कारकून होते. शेठच्या मुलीला लहान झालेले लोखंडी स्केट बाईंना मिळाले, आणि त्यावर ही मुलगी अशी काही पळायला लागली की शेठची मुलगी रुसून बाकावर बसायची. खळं बंद झालं तेव्हा बाई शाळेतच शिकत होत्या. “शेवटच्या दिवशी माझी फेरी अर्धी झाली होती,” त्या सांगायच्या. “माळ्यानं फाटक लावायचं म्हणून हाक मारली. मी म्हटलं, राहू दे, उद्या मारते. दुसऱ्या दिवशी फाटकाला साखळी.”

पुढं साखळी गंजून पडली, फाटक कुणीतरी नेलं, पण तोवर कोबा उखडला होता. साठएक वर्षं ती अर्धी फेरी बाईंनी सांभाळून ठेवली.

म्हणून दोनेक वर्षांपूर्वी गावातल्या चारचौघांनी खळं पुन्हा उभं करायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या रविवारी पहिली शिट्टी बाईंची वाजली. आम्ही सगळे हौशी. बँकेतले दोघं, एक दाताचे डॉक्टर, नागावला होमस्टे चालवणारं एक जोडपं, दोन ट्रकवाले भाऊ, आणि मी. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, पण गावात मी ओळखला जातो तो माइकमुळे. वाढदिवस असो की वाळूशिल्प स्पर्धा, सूत्रसंचालन माझं. बाकी हातानं करायच्या कुठल्याही कामात माझा उजेड पडत नाही. पहिल्याच रविवारी मी तण काढता काढता तळ्याकाठचं एका घरचं लावलेलं अळू मुळासकट उपटलं आणि वर त्याचा फोटो ‘स्वच्छता मोहीम’ म्हणून ग्रुपवर टाकला. अळूवाली फोटो दाखवतच आली.

त्यानंतर बाईंनी मला कामाच्या जागेपासून दूर, दगडी बाकावर बसवलं. “तू बोलायचं काम कर, सुहास. त्यात फार मोडतोड होत नाही.”

हा बाईंचा अंदाज चुकला. पण ते पुढं.

सुकट वाळवणाऱ्या बायका मात्र जागा सोडायला तयार होईनात. त्यांच्यातली एक मावशी कमरेला पदर खोचून उभी राहिली. “आमी सुकट कुठं घालायची गो बाय? तुझ्या डोक्यावर?”

“डोक्यावर नको. गच्चीवर घाल,” बाई म्हणाल्या. “माझ्या.”

आम्हाला वाटलं, बोलण्याच्या भरात बोलल्या. पण ऑक्टोबर लागताच बाईंच्या गच्चीवर सुकट पसरली, ती उन्हाळा संपेपर्यंत. घरात, साड्यांना, पाण्यालासुद्धा वास. आळीतली सगळी मांजरं बाईंच्या जिन्यात राहायला आली. बाई स्वतः शुद्ध शाकाहारी. मुलुंडला राहणारा त्यांचा भाचा भेटायला आला तो नाकाला रुमाल लावून दारातच थांबला. “मावशी, हे काय चाललंय?” बाई म्हणाल्या, “जागा बदलून घेतलीय. आत ये, मांजर चिरडू नकोस.”

भाचा आला होता त्याला कारण होतं. बाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि एकदा कृत्रिम सांधे बसले की चाकांवर उभं राहायचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं. बाईंनी तारीख पुढं ढकलली. “कोबा झाला की माझी अर्धी फेरी मारते आणि मग काय कापायचं ते कापा.” भाच्यानं कबूल केलं, पण एवढ्या एकाच वेळी. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मला ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायची फार इच्छा झाली होती.

कोबा झाला. माणगावकडच्या एका गवंड्यानं तो घातला, आम्ही पाळीपाळीनं पाणी मारलं, पॉलिशचं मशीन मुंबईहून आलं. बाई काठी टेकत आल्या. गोटी ठेवली. हलली नाही. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा ठेवली. तिथंही नाही. बाईंनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की आम्हाला वाटलं, काही चुकलं. मग म्हणाल्या, “उद्घाटनाच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी. कुणी बघायला यायचं नाही. पडले तर मला हसायला माणसं नकोत.”

“आणि खरंच पडलात तर?” दाताच्या डॉक्टरांनी विचारलं.

“गुडघ्यात वाकून उभं राहिलं की माणूस पडलं तरी थोडंच पडतं.” हे त्यांचं शाळेपासूनचं वाक्य. आम्ही ते घोडीवरून उडी मारताना ऐकलं होतं आणि तरी भरपूर पडलो होतो.

उद्घाटन अर्थातच माझ्याकडे आलं. त्याआधी गावच्या एका कार्यक्रमात वाऱ्यानं मांडव प्रमुख पाहुण्यांवर बसला होता आणि मी माइकवर ‘निसर्गही आपल्या स्वागताला झुकला’ असं म्हणून बसलो होतो. ते पुन्हा नको होतं. मी मांडववाल्याला फोनवर ठणकावलं, “तळ्यावरचा वारा आहे. मांडव भक्कम पाहिजे. एकही खांब हलला तर बघ.”

“खांब कुठं घेऊ, शेट?”

“अरे, ते मला काय विचारतोस? तुला धंदा शिकवू का?”

एवढंच. मग मी शाल आणि श्रीफळ आणायला अलिबागला गेलो. संध्याकाळी परत आलो तर मांडव उभा. खांबांना झालरी, वर पिवळा कपडा, मागे तळं. सुंदर दिसत होता. मी एक खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तसूभर हलला नाही. मांडववाल्याची पाठ थोपटली.

“पन काय कोबा हाय तुमचा, शेट!” तो घाम पुसत म्हणाला. “दोन पहारी वाकल्या. मग मशीन आनली.”

मी म्हणालो, “आहेच आमचा कोबा तसा.” तुमचा विश्वास बसणार नाही, पण ते वाक्य माझ्या कानात शिरून डोक्यापर्यंत पोचलंच नाही. डोक्यात तेव्हा स्वागतपर चारोळी चालली होती.

सकाळी मी माइक तपासत होतो. बाई आल्या. हातात कापडी पिशवी. आत लोखंडी स्केट. चांभाराकडून पट्टे नवे करून घेतले होते, हे मला मागाहून कळलं. मी ‘हॅलो, हॅलो’ करतच त्यांना नमस्कार केला. बाई पहिल्या खांबापाशी थांबल्या. काठीच्या टोकानं झालर वर केली. मग दुसऱ्या खांबाची. तिसऱ्याला गेल्या नाहीत.

मी माइक चालू ठेवूनच धावलो, त्यामुळे माझा पुढचा उद्गार अख्ख्या तळ्यानं ऐकला. खांबाभोवती कोबा फुटून भाकरीसारखा उचलला होता आणि भेगा मधोमध चालत गेल्या होत्या.

बाईंनी ओरडावं म्हणून मी वाट पाहिली. शाळेत त्यांनी मला चड्डीचं बटण तुटलं म्हणून मैदानभर पळवलं होतं. आता त्या नुसत्या म्हणाल्या, “खुर्च्या तिरक्या लागल्यात,” आणि शिट्टी वाजवून पोरांकडून रांगा सरळ करून घेतल्या. समारंभभर पहिल्या रांगेत बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी लिहून आणलं होतं तेच वाचलं, दुसरं काही सुचेना. ‘आरशासारखी ही जमीन’ या शब्दांशी बाईंनी मान खाली घातली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मांडव उतरवताना मी मांडववाल्यावर चिडलो. तो गरीब माणूस चक्रावला. “शेट, सांगितलं असतंत तर ड्रममधले खांब आनले असते ना. रेतीचे ड्रम भरून ठेवतो, खाली भोक पन पडत न्हाय. मी तर इचारलं होतं तुम्हाला.” विचारलं होतं. तीच तर बोंब आहे.

नुसती भोकं बुजवून भागेना. भेगांपर्यंतचा भाग उकरायचा, नव्यानं घालायचा, घोटायचा, मशीन पुन्हा मागवायचं. गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला. तोवर पाऊस आला. आणि ऑपरेशन आता पुढं जाणार नव्हतं.

रेवसला लाँचपर्यंत बाईंना सोडायला मी गेलो. भाऊच्या धक्क्यावर भाचा गाडी घेऊन येणार होता. सामान मी उचललं होतं. लाँचची वाट पाहताना मी म्हणालो, “बाई, तुम्ही मला एकदा झापा तरी.”

“त्यानं कोबा भरतो का?” त्यांनी विचारलं. मग लाँचवाल्यानं हात धरून त्यांना आत घेतलं. गुडघे वाकत नव्हते. खोक्यासारखं उचलावं लागलं. ते मी पाहिलं.

कोबा आता झालाय. नव्या भागाला पाणी मी मारलं, रोज, दुकान उशिरा उघडून. ठिगळं सपाट आहेत पण रंग जुळला नाही, गोल काळसर दिसतात. पोरं चाकांवरून ठिगळाठिगळावर थांबायचा खेळ खेळतात, त्याला ‘खांब खांब’ म्हणतात. मी तिकडून गेलो की जास्तच जोरात म्हणतात. बाईंच्या गच्चीवर सुकट अजून वाळते. किल्ली त्या मावशीकडे देऊनच बाई गेल्या. त्या मुलुंडला अकराव्या मजल्यावर असतात, वॉकर धरून खिडकीपर्यंत जातात. दर रविवारी फोन करतात आणि सगळ्यांची हजेरी घेतात. स्वतःच्या फेरीबद्दल अक्षर काढत नाहीत. मीच दर खेपेला फोन ठेवला की तिथंच उभा राहतो.

गेल्या रविवारी मला एक युक्ती सुचली. खरं तर आठवडाभर सुचत होती, धीर त्या दिवशी झाला.

“बाई, एक विचारू? डॉक्टरांनी चाकांवर उभं राहायला मना केलंय. बसायला कुठं केलंय? दवाखान्यातली व्हीलचेअर मागून ठेवतो. तुम्ही दिवाळीत या. चाकं ती चाकं. सकाळी, कुणी नसताना. अर्धी फेरी.”

पलीकडून वॉकर सरकल्याचा आवाज आला.

“कोबा कोरडा असेल ना?” बाई म्हणाल्या.

“खडखडीत.”

“दिवाळीत भाच्याला सुट्टी असते. आणेल तो.” त्यांचा श्वास ऐकू येत होता. “पण खुर्ची ढकलणार कोण?”

“मी आहे ना, बाई.”

“मग आपल्या दाताच्या डॉक्टरांना सांग. तू ढकललंस तर मी तळ्यात.”