दोन फोटो, एकाच मापाचे

"कटरेजी, डॉक्टर के बच्चे का आज क्या है?"

फोनवर आमचे संपादक होते. मी म्हटलं, "नया कुछ नहीं है, सर."

"नया नहीं है तो फोटो बड़ा लगाओ. पूरा शहर वही पढ़ रहा है."

मी मध्य प्रदेशात, बालाघाटला, एका हिंदी दैनिकाचा ब्यूरो चीफ आहे. नाव भारी आहे, पण ब्यूरो म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि मला धरून चार माणसं. शहरातल्या एका डॉक्टरांचा नऊ वर्षांचा मुलगा, आरव, ट्यूशनला म्हणून निघाला आणि पोचलाच नाही, त्याला तेव्हा चार दिवस झाले होते. चारही दिवस तो आमच्या पहिल्या पानावर होता. (इथली सगळी नावं मी बदलली आहेत.)

फोन ठेवला तर दारात एक बाई उभी. हातात आमच्याच पेपरचं कात्रण, बोटभर.

"हे तुमी लिवलं का, भाऊ?"

मी वाचलं. 'संक्षेप'मधली बातमी होती. संक्षेप म्हणजे आतल्या पानावरची उभी पट्टी. कुठं सायकल चोरीला गेली, कुठं साप चावला, असं सगळं तिथं चार-चार ओळींत बसवतात. 'तेरह वर्षीय छात्रा बिना बताए घर से चली गई. पुलिस तलाश कर रही है.'

हो, मीच लिहिलं होतं.

"मले कोणी इचारलं का?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "ते घरून नाही गेली. शाळेतून येता येता हरपली. सायकल नाल्याच्या पुलापाशी भेटली. दप्तर कॅरिअरले तसंच बांधून. त्यात अर्धं काढलेलं चित्र होतं, दुसऱ्या दिवशी शाळेत द्याचं. पळून जाणारी पोट्टी दप्तर काहून सोडन?"

मी पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची नोट काढून पाहिली. त्यात फक्त 'लापता' असा शब्द होता. गुन्हाही अपहरणाचा नोंदवलेला होता. मूल अठराच्या आतलं असलं की पोलीस तसंच नोंदवतात. 'बिना बताए घर से चली गई' हे माझं होतं. गावातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी हरवली की हे वाक्य आमच्या बोटांत तयारच असतं. डॉक्टरांच्या मुलासाठी ते एकदाही टाईप झालं नाही.

बाईचं नाव शीलाबाई मेश्राम. लालबर्रा रोडवरच्या एका गावात शाळेचा स्वयंपाक करते. नवरा नागपूरला बांधकामावर. मुलगी काजल. काजलला हरवून सहा दिवस झाले होते, म्हणजे आरवच्याही दोन दिवस आधीपासून.

मी तिच्यासमोरच संपादकांना फोन लावला.

"गाँव की बच्ची? डाक में लगा दो," ते म्हणाले.

"सर, वो पहले गुम हुई है. और सायकल वगैरह..."

"कटरेजी, पाठक नहीं जुड़ेगा. आप समझ रहे हैं न?"

"जी सर."

डाक म्हणजे डाक एडिशन. खेड्यापाड्यांत जाणारा अंक आधी छापतात, त्यातली पानं वेगळी असतात. ती बातमी शहरात कोणी वाचत नाही. शीलाबाईला मी हे सांगितलं.

तिनं जरा विचार केला. "मंजे आमच्या गावात येते तोच पेपर?"

"हौ."

"आमच्या गावात तं सगळ्यायले मालूम हाय, काजल हरपली म्हणून. तिथं छापून कोणाले सांगता?"

मी कात्रण तिला परत दिलं. तिनं ते घडी करून ठेवलं आणि विचारलं,

"आता सगळे पेपरवाले, टीव्हीवाले कुठं भेटतात?"

"डॉक्टरांच्या घरापुढं. चार वाजता मॅडम बोलतात त्यांच्याशी."

"तुमी जाता का तिथं? मंग मले गाडीवर घ्या."

तिथं ही बाई भांडणार असं मला वाटलं होतं. खरं सांगतो, भांडली असती तर ती पण एक बातमी झाली असती, हेही माझ्या डोक्यात येऊन गेलं. आमची डोकी अशीच चालतात.

डॉक्टरांच्या फाटकाशी सात-आठ कॅमेरे लागलेले. एकजण म्हणाला, "दीदी, फ्रेम से हटिए." ती मुकाट्यानं बाजूला झाली. आरवची आई, नेहा मॅडम, व्हरांड्यात आल्या. तीन-चार दिवसांत वय वाढल्यासारखा चेहरा झाला होता. त्या माईकपाशी पोचायच्या आत शीलाबाई पायऱ्यांपाशी गेली.

"बाई, तुमच्या पोराचा फोटो आमच्या गावच्या स्टँडवर मी लावला."

मॅडम थांबल्या. शीलाबाईनं आपला मोबाईल पुढं केला. बसस्टँडची भिंत. आरवचं रंगीत छापील पोस्टर, आणि त्याला चिकटून वहीच्या कागदावर हातानं लिहिलेली काजलची माहिती, कोपऱ्यात तिचा ओळखपत्रावरचा फोटो.

"ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"माही पोरगी. सहा दिवस झाले. पोलिसायच्या गाडीतून तुमच्या पोराचे कागद वाटले, तं मी चार मागून घेतले. चार गावात लावले. लोकं तुमच्या पोराले पाहाले थांबतात. त्याच्या बाजूलेच काजलचा लावला, म्हणून तिले बी पाहातात." मग ती म्हणाली, "तुमचं पोरगं भेटलं पाह्यजे, बाई. माही बी भेटली पाह्यजे."

मी सव्वीस वर्षं पानं लावतो आहे. कुठल्या बातमीशेजारी कुठली बातमी ठेवली की नजर जाते, हे शिकायला माझी निम्मी नोकरी गेली. त्या बाईनं ते स्वतःच्या घरात दुःख असताना, एकटीनं, खळ लावून केलं होतं. आणि दुसऱ्याच्या मुलाचाही शोध चालू ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

नेहा मॅडमनी आतून दुसरी खुर्ची आणवली. शीलाबाईला शेजारी बसवलं. मग कॅमेऱ्यांकडे पाहून म्हणाल्या, "आज दो बच्चों की बात होगी. जिसको सिर्फ़ मेरे बेटे का चाहिए, वो अपना कैमरा बंद कर ले."

कोणी बंद केला नाही.

अर्ध्या तासात संपादकांचाच फोन. "सब दूसरी बच्ची चला रहे हैं. हमारी खबर कहाँ है?"

"वही है, सर. डाक वाली."

पलीकडून लगेच, "पहले पेज पर लो. हेडिंग दो, दो माँओं के आँसू."

नोकरीत मी साहेबांना फारसं कधी नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं. हरवलेल्या मुलाच्या बातमीत आसवांचा उपयोग नसतो. वाचणाऱ्याला उंची लागते, कपड्यांचा रंग लागतो, अंगावरची खूण लागते, शेवटचं कुठं दिसलं ते लागतं, आणि फोन कुठं करायचा ते. "सर, दोनों फोटो एक साइज़ के. नीचे पहचान. बस."

"ठीक है, करो," ते म्हणाले. घाईत होते.

शीलाबाई माझ्या टेबलाशी बसून सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. आकाशी कुर्ता, पांढरी ओढणी. डाव्या भुवईत जुनी खोक, हापशीचा दांडा लागला होता. घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी. अनोळखी माणसाशी बोलताना उजव्या हातानं डावं मनगट धरते. हे शेवटचं मी लिहावं की नाही, अशा विचारात होतो. ती म्हणाली, "लिवा. फोटोत ते दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आरव सापडला. परीक्षेतले मार्क घरी कळतील म्हणून गाडीत बसून गेला होता. रेल्वे पोलिसांनी उतरवलं तर भीतीनं खोटं नाव सांगितलं, आणि रायपूरच्या एका बालगृहात राहिला. तिथल्या ताईंनी आदल्या दिवशीच्या फाटकावरच्या व्हिडिओवरून ओळखला. संध्याकाळी डॉक्टरांच्या दारात पेढे वाटले. त्यानंतर तिथं एकही कॅमेरा उरला नाही.

मला वाटलं, आता काजलचंही संपलं. पण रोज सकाळी दहाला नेहा मॅडमचा फोन यायचा. "काजलचं काय झालं, कटरेजी?" मुलगा घरी आलेल्या बाईनं हे का विचारत राहावं? पण त्या विचारत राहिल्या. त्यांना काहीतरी सांगता यावं म्हणून मी रोज पोलिसांना फोन करायचो. रोज फोन येतो म्हटल्यावर पोलीसही रोज फाईल उघडायचे.

तिसऱ्या दिवशी तुमसरच्या एका खाजगी बसच्या कंडक्टरनं कंट्रोल रूमला फोन केला. त्यानं आमचा पेपर वाचला होता. एका बाईबरोबर अशी मुलगी नागपूरकडे गेली होती. चेहरा नीट आठवत नव्हता. तिकिटाचं विचारलं तेव्हा तिनं मनगट धरलं होतं, ते आठवत होतं.

तिथून धागा लागला. शेजारच्या गावची ओळखीची बाई होती. "तुझ्या बापाचा ॲक्सिडेंट झाला, नागपूरला चल," असं सांगून घेऊन गेली होती. पोलिसांना काजल नागपूरच्या एका फ्लॅटमध्ये भांडी घासताना सापडली. त्या बाईनं घरकामाला पाठवलेल्या आणखी दोन मुली दुसऱ्या फ्लॅटमधून मिळाल्या. त्या दोघींची तर संक्षेपमध्येसुद्धा चार ओळींची नोंद नव्हती.

आता संपादक खुश होते. "कटरेजी, माँ का इंटरव्यू लाओ. आधा पेज रखा है."

मी गावी गेलो. शीलाबाई शाळेच्या किचनमध्ये वरणाला फोडणी देत होती. काजल दोन दिवसांपासून वर्गात बसायला लागली होती.

शीलाबाईनं मला पाणी दिलं, हात जोडले. मग म्हणाली, "तुमचे उपकार हाय, भाऊ. पण आता काई छापू नका. पोट्टीले शाळा शिकू द्या."

मी साहेबांना कळवलं, इंटरव्यू नाही. त्या अर्ध्या पानावर दुसऱ्या दिवशी कृषी मेळाव्याचं उद्घाटन लागलं.

आता आमच्या ब्यूरोत हरवलेल्या मुलाची नोट आली की आधी त्याच्या घरी फोन करायचा, मगच टाईप करायचं. याला दहा मिनिटं लागतात. सव्वीस वर्षं ती दहा मिनिटं माझ्याकडे होती.